भाच्याला सीमेवरच्या शहरात पाठवावे का?

प्रश्न : माझ्या भाच्याला अमेरिकेत, टेक्सास राज्यातील एल पासो येथील विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे. हे शहर मेक्सिकोच्या सीमेला लागून असल्याचे कळल्यापासून माझी बहीण अस्वस्थ आहे. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी पुलाला टांगलेल्या प्रेतांचे व्हिडिओ तिने मोबाइलवर पाहिले आहेत आणि ‘तठे त्याले धाडू नको, भाऊ’ असे ती मला रोज सांगते. अमेरिकेतले पुढारीही सीमेवर युद्ध पेटल्यासारखे बोलतात. नेमके खरे काय मानावे?
– एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : आपल्या भगिनींनी पाहिलेली हिंसा खोटी नाही. ती कुठे झाली, कोणत्या वर्षी झाली आणि कोणावर झाली, हे मात्र असे व्हिडिओ सांगत नाहीत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्यातच आहे.

एल पासो आणि मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस ही एकाच नदीच्या दोन काठांवरची शहरे आहेत. मधल्या पुलांवरून रोज हजारो माणसे नोकरीसाठी, शाळेसाठी, खरेदीसाठी ये-जा करतात. हुआरेसमध्ये २००७ साली सुमारे ३०० खून झाले होते. त्यानंतर अमेरिकेत अमली पदार्थ नेण्याचा हा मार्ग कोणाच्या ताब्यात राहावा यावरून हुआरेस आणि सिनालोआ या दोन टोळ्यांत लढाई जुंपली, सरकारने लष्कर उतरवले, आणि २०१० साली खुनांचा आकडा ३,००० च्या वर गेला. त्याच वर्षी नदीच्या अमेरिकी काठावर, साडेसहा लाख वस्तीच्या एल पासोत, ५ खून झाले. ‘सीमेवरील हिंसाचार’ असा मथळा दिला की हे दोन्ही काठ एक होऊन जातात.

गोळ्या नदी ओलांडून आल्याच नाहीत, असे मात्र नाही. जून २०१० मध्ये पलीकडच्या गोळीबारातल्या गोळ्या एल पासोच्या महापालिका इमारतीला लागल्या आणि ऑगस्टमध्ये एक गोळी विद्यापीठाच्याच एका इमारतीत शिरली. दोन्ही वेळा कोणालाही इजा झाली नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण धीर देण्यासाठी अर्धीच माहिती देणे मला योग्य वाटत नाही.

आता पुढाऱ्यांविषयी. ॲरिझोनाच्या तत्कालीन गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी २०१० मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, वाळवंटात मुंडकी उडवलेली प्रेते सापडल्याचे दूरचित्रवाणीवर सांगितले. सीमेलगतच्या जिल्ह्यांत शवविच्छेदन करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे अशी एकही नोंद नव्हती, आणि पुढे ब्रुअर यांनी आपले विधान चुकल्याचे मान्य केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी संसदेपुढील भाषणात एल पासो हे सीमेवर कुंपण होण्याआधी देशातल्या सर्वांत धोकादायक शहरांपैकी एक होते, असा दावा केला. तेथील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण १९९३ च्या सुमारास सर्वाधिक होते आणि कुंपण २००८–०९ मध्ये उभे राहिले, त्याच्या कितीतरी आधीच ते उतरले होते. हा दावा चूक असल्याचे ट्रम्प यांच्याच पक्षाच्या महापौरांनी जाहीरपणे सांगितले.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खुपते ती गोष्ट नदीच्या पलीकडची आहे. जानेवारी २०१० च्या अखेरीस हुआरेसच्या एका वस्तीत वाढदिवसाच्या घरगुती समारंभात बंदूकधारी घुसले आणि त्यांनी किमान १५ जणांना मारले. त्यांतले बहुतेक शाळा-कॉलेजात शिकणारी मुले होती. राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरॉन त्या वेळी जपानच्या दौऱ्यावर होते, आणि तेथूनच त्यांनी हा टोळ्यांमधील वैराचा प्रकार असावा, असे सूचित केले. ज्यांची मुले गेली त्यांना आधी ती गुंड नव्हती हे सिद्ध करत बसावे लागले. पुढे काल्देरॉन हुआरेसला आले तेव्हा एका आईने भर सभेत उभे राहून त्यांना जाब विचारला, आणि त्यांना माफी मागावी लागली. मेलेला माणूस टोळीतलाच असणार, असे एकदा धरून चालले की तपास थांबतो, बातमीही थांबते.

बातमी देणाऱ्यांची अवस्थाही लक्षात घ्यावी. सप्टेंबर २०१० मध्ये हुआरेसच्या ‘एल दियारियो’ या दैनिकाच्या तरुण छायाचित्रकाराचा खून झाला, तेव्हा त्या दैनिकाने अग्रलेखातून थेट टोळ्यांनाच विचारले की, आमच्याकडून तुम्हाला हवे तरी काय? काय छापावे आणि काय छापू नये हे तुम्हीच सांगा. शहराचा कारभार प्रत्यक्षात कोणाच्या हाती आहे, हे एका संपादकाला इतक्या उघडपणे लिहावे लागले, याहून विदारक बातमी त्या वर्षी हुआरेसमधून आली नसेल.

शिरपूर तालुक्यात राहत असल्याने पुढची गोष्ट आपल्याला नवी वाटणार नाही. काही वर्षांपूर्वी मी एका दैनिकात उपसंपादक होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीच्या ओळींत लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याची बातमी टेबलावर आली. बातमी खरी होती. मथळा मी दिला, ‘सीमाभागात गांजाचे साम्राज्य’. आठवडाभराने त्या गावचे एक आबा तो अंक घडी घालून घेऊन आले. मथळ्याखाली पेनाने रेघ ओढलेली होती. ‘झाडं एका वावरातली, अन् नाव साऱ्या गावाचं,’ एवढेच ते म्हणाले. नातीला पाहायला येणाऱ्यांनी निरोप पाठवून येणे रद्द केले होते. तो अंक मी अजून जपून ठेवला आहे.

सीमेच्या बातमीत माल नेहमी एकाच दिशेने जाताना दाखवतात. मेक्सिकोत २००९ ते २०१४ या काळात जप्त झालेल्या ज्या बंदुकांचा माग काढण्यात आला, त्यांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेल्या होत्या, असे अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेने म्हटले आहे. अमली पदार्थांचे गिऱ्हाईकही अमेरिकेतच आहे. आणि एल पासोच्या लोकांवरचा अलीकडचा सर्वांत भीषण हल्ला टोळ्यांनी केलेला नव्हता. ३ ऑगस्ट २०१९ रोजी डॅलसजवळच्या उपनगरातून सुमारे १,००० किलोमीटर गाडी चालवत आलेल्या एका अमेरिकी तरुणाने बाजारात गोळीबार करून २३ जणांचे प्राण घेतले. टेक्सासवर परकीयांचे ‘आक्रमण’ होत असल्याचे त्याने लिहून ठेवले होते, आणि ‘आक्रमण’ हा शब्द तेव्हा राजकीय भाषणांत सर्रास वापरला जात होता.

म्हणून भाच्याला जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पूल ओलांडून हुआरेसला जाणे हा मात्र वेगळा निर्णय आहे. तेथील खून २०१० नंतर बरेच घटले होते, तरी २०१८ मध्ये आकडा पुन्हा १,००० च्या वर गेला. त्यामुळे मित्रांच्या आग्रहावरून तिकडे जाऊ नये, आणि व्हिसाच्या अटी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आधी विचारून घ्याव्यात. सीमेवरची एखादी बातमी आपल्याकडे झळकली, तर ती नदीच्या कोणत्या काठची आहे, हे त्याने त्याच दिवशी फोन करून आईला सांगावे.