परदेशस्थ ग्राहकांपासून सुरुवात करताना

आपण आर्थिक नियोजक म्हणून काम सुरू करत आहात आणि आपले पहिले ग्राहक आखातात नोकरी करणारे आहेत, हे आपल्या पत्रात वाचून आनंद झाला. मी नऊ वर्षे दुबईत काम करून कोल्हापुरात परतलो आणि तेथील अनुभवाने माझी नियोजनाची पद्धतच बदलली. तेथे पगारावर आयकर नाही, परंतु परदेशी कर्मचाऱ्याला सरकारी पेन्शनही नाही, आणि नोकरी सुटली की राहण्याचा परवानाही फार दिवस टिकत नाही. म्हणून अशा कुटुंबाचा आपत्कालीन निधी मी बारा महिन्यांच्या खर्चाइतका धरतो.

सुरुवातीला दोन चुका हमखास होतात.

१. गावातले जुने बचत खाते तसेच चालू राहते. ते एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातील उत्पन्नासाठीचे खाते) करून घ्यावे आणि परदेशातील पगारासाठी एनआरई (परदेशातील कमाई भारतात ठेवण्याचे अनिवासी खाते) उघडावे.

२. वडील हौसेने मुलाच्या नावावर उसाची जमीन घेऊ पाहतात. परकीय चलन व्यवहारांसंबंधीच्या फेमा कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. ही गोष्ट जमिनीचा व्यवहार ठरण्यापूर्वीच, घरातील वडीलधाऱ्यांना समोर बसवून, आदराने पण स्पष्ट सांगावे.

एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर लागू नये यासाठीचे दुहेरी करआकारणीचे करार सध्या बाजूला ठेवावेत. आधी प्रत्येकाला परत येण्याचे वर्ष विचारावे.