केल्टिक धर्मावरील महाग ग्रंथ: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

आपला प्रश्न असा आहे की केल्टिक, म्हणजे प्राचीन युरोपातील केल्ट लोकांच्या, धर्मावरचा एक विद्यापीठीय ग्रंथ नऊ हजारांच्या घरात जातो, ड्रुइडांची म्हणजे केल्टांच्या पुरोहितांची रहस्ये उलगडणारी पुस्तके मात्र चारशे रुपयांत मिळतात, तर एवढे पैसे घालावेत का. मी या विषयावर बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि दोन्ही प्रकारची पुस्तके पदरचे पैसे मोजून घेतली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

या विषयाची मूळ अडचण ही की गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) केल्टांनी आपल्या धर्माविषयी स्वतः फारच थोडे लिहून ठेवले आहे. ड्रुइडांचे काही शिष्य वीस-वीस वर्षे पाठांतर करीत आणि ती विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानले जाई, असे ज्युलियस सीझर सांगतो. पण सीझर हा त्यांना जिंकायला आलेला रोमन सेनापती होता, हे विसरून चालत नाही. आपल्याकडे मौखिक परंपरेने वेद टिकले, तिकडे ती साखळी तुटली. आयर्लंडमधील कथा ख्रिस्ती लेखनिकांच्या हातून उतरल्या आणि त्यांची आज उपलब्ध असलेली मोठी हस्तलिखिते 1100 च्या सुमाराची किंवा त्यानंतरची आहेत. बाकी पुरावा म्हणजे शिलालेख, मूर्ती आणि तळ्यांत व दलदलींत अर्पण केलेल्या वस्तू. सामग्री इतकी तुटपुंजी असली की रिकाम्या जागा कल्पनेने भरण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांना झालेला आहे.

एकच उदाहरण घेऊ. स्वस्त पुस्तकांपैकी बऱ्याच पुस्तकांत तेरा महिन्यांचे ‘केल्टिक वृक्ष-पंचांग’ छापलेले असते, प्रत्येक महिन्याला एक झाड. मीही सुरुवातीला ते वहीत उतरवून घेतले होते. प्रत्यक्षात ही मांडणी कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांची, 1948 मधील. खरे गॉलिश पंचांग 1897 मध्ये फ्रान्समधील कोलिन्यी येथे कांस्यपत्राच्या तुकड्यांच्या रूपाने सापडले आणि ते आता ल्यों येथील संग्रहालयात आहे. त्यात पाच वर्षांचे बासष्ट महिने आहेत, म्हणजे वर्षाचे बारा आणि त्यांखेरीज दोन अधिक महिने. प्रत्येक महिन्याचे दोन भाग पाडलेले आहेत. पहिला पंधरा दिवसांचा, आणि दुसऱ्यात दिवस पुन्हा एकपासून मोजलेले. पंधरवडा आणि अधिक मास घरच्या पंचांगात पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वाचताना जो आनंद होतो, तो तेरा झाडांच्या यादीत नाही. शिवाय अशा पंचांगाच्या अभ्यासपूर्ण आवृत्तीत तुटलेली अक्षरे चौकटी कंसात दिलेली असतात: एवढे धातूवर दिसते, एवढे संपादकाने भरले. माझ्या मते नऊ हजारांतले खरे पैसे त्या कंसाचे आहेत, कारण पुरावा कुठे थांबला आणि संपादकाचा तर्क कुठे सुरू झाला हे त्यातून कळते.

किंमत इतकी का, याचे उत्तर साधे आहे. असे ग्रंथ काही शेच प्रतींत निघतात, मुख्य गिऱ्हाईक म्हणजे परदेशी विद्यापीठांची ग्रंथालये, आणि चार-पाच भाषांतील मजकूर तपासणे व संग्रहालयांकडून छायाचित्रांची परवानगी घेणे यांचा सारा खर्च त्या थोड्या प्रतींवरच चढतो. त्यामुळे किंमत ही गुणवत्तेची खूण मुळीच नाही. मी एकदा असाच भारी ग्रंथ केवळ शीर्षक पाहून मागवला. तो परिसंवादातील निबंधांचा संग्रह निघाला आणि त्यात धर्मावर एकच निबंध होता, बाकी सारे खापरे आणि दफने यांविषयी. तेव्हापासून अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय मी पैसे भरत नाही. दुसरी फसगत जुन्या ग्रंथांच्या पुनर्मुद्रणांची. मॅककलक यांचा प्राचीन केल्टांच्या धर्मावरचा 1911 चा ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतो, तरी त्याच्याच फिकट छापाच्या प्रती चांगल्या भावाने विकल्या जातात. तो ग्रंथ वाचावा, पण शंभर वर्षांपूर्वीची मते म्हणून.

आपण सुरुवात करीत असाल, तर मारी-लुईझ स्योस्टेट यांचे आयरिश देव आणि वीरांवरचे छोटे पुस्तक आधी घ्या. ते 1940 मध्ये फ्रेंचमध्ये आले, माइल्स डिलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, आणि त्याची कागदी बांधणीची आवृत्ती परवडण्यासारखी आहे. याच डिलन यांचा केल्ट आणि प्राचीन आर्य यांच्या समाजांची तुलना करणारा ग्रंथ 1975 मध्ये सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने प्रकाशित केला, त्यामुळे तो आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांत अवश्य शोधावा. ड्रुइडांची प्रतिमा कशी घडत गेली, आणि आयोलो मॉर्गनुग या वेल्श कवीने रचलेली बनावट वेल्श परंपरा खरी मानून लोक कसे पुढे गेले, हे इतिहासकार रोनाल्ड हटन यांच्या 2009 च्या ग्रंथात इतके नीट उलगडले आहे की त्यावर खर्च केलेल्या पैशांचे मला कधीच वाईट वाटले नाही. मूळ आयरिश संहिता आणि अनेकांचे अनुवाद आयर्लंडमधील कॉर्क येथील विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत; त्यांवर एक रुपयाही घालवू नका.

आपण म्हणता तो नऊ हजारांचा ग्रंथ आज घेऊ नका. कठीण बांधणीनंतर वर्ष-दोन वर्षांनी अनेकदा स्वस्त आवृत्ती येते, तोवर वाट पाहा. दरम्यान त्याची अनुक्रमणिका इथे टाकलीत, तर त्यातील कोणती प्रकरणे अन्यत्र लेखरूपाने वाचता येतील, हे मी पाहून सांगेन.