पावडर नव्हे, ऊन कमी पडतंय

या वेळी आलेल्या पत्रांत जमिनीवरच्या कासवांच्या पिल्लांची पत्रं इतकी आहेत की ती एकत्रच घेतली. पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली असली तरी बहुतेकांचा शेवट सारखाच आहे : कॅल्शियम किती द्यायचं? पाण्यातल्या कासवांच्या मालकांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : आमच्याकडे सुलकाटा जातीचं पिल्लू आहे, आठेक महिन्यांचं. हॉलमध्ये काचेच्या टाकीत, खिडकीशी ठेवलंय. तिथे सकाळी साडेआठपर्यंत छान कोवळं ऊन येतं. काकडी, टोमॅटो, पालक, कधी केळं खातं. पाठ दाबली तर दबते आणि हल्ली मागचे पाय ओढत चालतं. दुकानदाराने दिलेली कॅल्शियमची पावडर महिनाभर रोज घालतोय, फरक नाही. प्रमाण वाढवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाढवू नका. आणि पाठ दाबून बघणं आजपासून बंद करा. घरात येणारा प्रत्येक पाहुणा तेच करत असणार. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आठव्या महिन्यात पाठ दबणं आणि मागचे पाय ओढणं ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसताहेत, तेव्हा याच आठवड्यात एक्स-रे काढणाऱ्या पशुवैद्याकडे जा. पायांना कंप सुटलेला दिसला तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी न्या. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की कंप सुटतो, तेव्हा तोंडातून दिलेल्या पावडरीचा उपयोग नसतो, इंजेक्शन लागतं.

आता पावडरीचा फरक का पडला नाही, ते. कासवाचं कवच म्हणजे हाडच. बरगड्या आणि मणके त्यातच एकजीव झालेले असतात, आणि वर नखाच्या जातीचं पातळ आवरण. हाडाला कॅल्शियम लागतं, ते आतड्यातून आत घ्यायला ड३ जीवनसत्त्व लागतं, आणि ड३ बनवायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण. ते त्वचेवर पडले की ड३ चं कच्चं रूप तयार होतं, अंगातल्या उबेने ते पक्कं होतं आणि पुढे यकृत व मूत्रपिंडातून गेल्यावर कामाला लागतं. यातली एक कडी तुटली की तुम्ही चमचाभर पावडर घाला नाहीतर डबाभर, बरीचशी विष्ठेतून बाहेर जाते. मग रक्तातलं कॅल्शियम राखायला परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम उपसायला लागतात. तुमच्या पिल्लाच्या पाठीतून गेलंय ते हेच कॅल्शियम.

ऊन तर येतं, असं तुम्ही म्हणाल. येतं, पण खिडकीच्या काचेतून. साधी काच उजेड आणि ऊब आत सोडते, यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. वर टाकीची दुसरी काच. आणि समजा दोन्ही काचा काढल्या, तरी साताठच्या उन्हात यूव्हीबी फार थोडं. सूर्य खाली असताना किरणांना वातावरणातून तिरकं, लांबून यावं लागतं आणि वाटेत ओझोन ते शोषून घेतो. कोवळं ऊन बाळाला चांगलं, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की मी दवाखान्यात याच्या विरुद्ध बोललो की आज्या माझ्याकडे संशयाने बघतात.

घड्याळापेक्षा सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की उन्हात भरपूर यूव्हीबी आहे असं समजा. नाशिकला एप्रिलमध्ये ही वेळ साडेनऊच्या सुमारास येते, डिसेंबरात मात्र जेमतेम दुपारी साडेबाराच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात साडेनऊ ते साडेदहा आणि थंडीत भर दुपारी पिल्लाला बाहेर काढा. काचेच्या टाकीत नव्हे. उन्हातली टाकी थोड्या वेळात भट्टी होते आणि पिल्लं दगावतात. मोठा टब घ्या, त्यात माती, निम्म्या भागावर पक्की सावली, उथळ ताटलीत पाणी. वर मोठ्या भोकांची जाळी हवीच, कारण गच्चीवरचा कावळा तुमच्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून असतो. अर्ध्या तासाने सुरुवात करा. पिल्लू स्वतःच सावलीत गेलं तर जाऊ द्या, ओढून उन्हात आणू नका.

ऊबही तितकीच महत्त्वाची. सुलकाटा हा आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला प्राणी. त्याला शेकायला ३५ ते ३८ अंशांची एक जागा लागते, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. तुमच्याकडे थंडीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा.

खाण्याबद्दल थोडक्यात : जे घालताय ते जवळपास सगळं बदला. कॅल्शियम हे फॉस्फरसच्या किमान दुप्पट हवं. केळ्यात उलट फॉस्फरसच कितीतरी जास्त. काकडी म्हणजे पाणी. पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झलेट ते धरून ठेवतं, पिल्लाच्या हाती लागू देत नाही. सुलकाटा मुळात गवत खाणारा आहे. हरळी बारीक कापून घाला, फवारणी न केलेली. सोबत जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, काटे आणि कुसळं नीट काढलेली फड्या निवडुंगाची पानं. यातलं बरंचसं तुमच्या गल्लीत फुकट मिळेल.

पावडर पूर्ण बंद नको. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट आठवड्यातून तीन-चारदा पाल्यावर भुरभुरवा. ड३ घातलेली पावडर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच. ते जास्त झालं की कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं. उन्हाने मात्र ड३ जास्त होत नाही, त्वचा स्वतःच जादाचं मोडून टाकते.

कवच घट्ट व्हायला महिने लागतील. पाठीला आलेला बाक कदाचित राहील. पाय मात्र बऱ्याचदा सुधारतात.

प्रश्न : आमच्या फ्लॅटला ऊनच नाही. ऑनलाइन ‘यूव्ही’ लिहिलेला लाल बल्ब मागवला. भाऊ म्हणतो, जुन्या वॉटर प्युरिफायरमधली यूव्हीची नळी लावली तर फुकटात काम होईल. बरोबर आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भावाला आधी थांबवा! प्युरिफायरमधली नळी यूव्हीसी किरण सोडते, २५४ नॅनोमीटरचे. जंतू मारायला बनवलेली आहे ती. पिल्लाचे डोळे आणि कातडी भाजेल आणि टाकीत डोकावणाऱ्या तुमच्या मुलांचे डोळेही. लाल बल्ब निरुपद्रवी आहे, पण तो फक्त ऊब देतो, खोक्यावर काहीही छापलेलं असो. झाडांसाठीचे एलईडी दिवेही या कामाचे नाहीत.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच बनवलेली यूव्हीबीची लांब टी-५ नळी, म्हणजे बारीक ट्यूबलाइट, घ्या. छोट्या वळणदार सीएफएलपेक्षा तिचा प्रकाश जास्त जागेवर पसरतो. किती उंचीवर लावायची ते कंपनीने दिलेलं असतं, ते पाळा. नळी आणि पिल्लू यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको. बारीक जाळीसुद्धा बरंच यूव्हीबी खाते. दिवसातून दहा-बारा तास चालू, रात्री बंद. शेकायची जागा तिच्याच खाली ठेवा, म्हणजे ऊब आणि किरण एकदम मिळतील. नळीवर मार्करने तारीख लिहा. उजेड वर्षानुवर्षं पडत राहतो, यूव्हीबी मात्र त्याआधीच विरतं. वर्षभराने बदलाच. जास्त हौस असेल तर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता, मोजणारा ‘सोलरमीटर ६.५’ नावाचा मीटर मिळतो, चार-पाच कासवप्रेमींनी मिळून घेतला तर परवडतो.

तुमचं कासव कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. सुलकाटा असेल तर एक न विचारलेलं सांगतो : तो मोठेपणी चाळीस-पन्नास किलोंचा होतो, जमीन उकरून बिळं करतो आणि तुमच्या नातवंडांपर्यंत जगू शकतो. ऊन नसलेल्या फ्लॅटमध्ये हे जमण्यासारखं नाही. जागा असलेलं घर आत्ताच शोधायला लागा. त्याची नोंदणीही तपासा. परदेशी संरक्षित जातींच्या मालकांनी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायची असते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले.

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या सुलकाटाचं कवच दगडासारखं घट्ट आहे, पण प्रत्येक खवल्याचा डोंगर झालाय. लाइट, कॅल्शियम, सगळं व्यवस्थित आहे. प्रथिनं जास्त झाली म्हणतात, ते खरं का? की कॅल्शियम अजून वाढवू?
— एक वाचक, शारजा

उत्तर : कवच घट्ट आहे म्हणजे कॅल्शियमचं काम झालेलं आहे, ते वाढवून डोंगर सपाट होणार नाहीत. तुमचं पत्र वाचून मला पहिली आठवण झाली ती एसीची. बाहेरची उष्णता बघता तिकडे घरात तो सतत चालू असणार, आणि हवा कोरडी.

प्रथिनांवर खापर फोडायची पद्धत जुनी आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून बघितली. २००३ मध्ये आलेला तो निष्कर्ष स्पष्ट होता : कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांना उंच डोंगर आले, दमट हवेतल्यांना कमी, आणि प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ. वाळवंटी प्राण्याला दमटपणा कशाला, असं वाटेल. पण तिथली पिल्लं दिवसाचा बराच वेळ बिळात किंवा झुडपांच्या मुळाशी काढतात, आणि तिथली हवा कोरडी नसते.

एका खोक्याला दार कापा, आत ओलसर कोकोपीट भरा, पिल्लाला तिथे झोपू द्या. खोकं उबदार जागीच ठेवा. गार आणि ओलं एकत्र आलं की नाक गळायला लागतं. रोज कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. पाणी पितं, मूत्रमार्गातलं पांढरं खड्यांसारखं बाहेर पडतं, तेही हवंच आहे. झालेले डोंगर जाणार नाहीत. खवल्यांच्या मधल्या फटीत नवी, फिकट वाढ दिसते ती सपाट येते का ते बघत राहा.

प्रश्न : घरात लाभावं म्हणून स्टार कासवाचं पिल्लू आणलं. खात नाही. कोणतं कॅल्शियम द्यावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्टार कासव आपला वन्यजीव आहे. १ एप्रिल २०२३ पासून तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून बंदी आहे. ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे ते कसं सांभाळायचं हे मी सांगणार नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते त्यांच्या ताब्यात द्या. तलावात सोडू नका, ते पोहणारं कासव नाही, बुडेल. शेतातही नको. लाभाबद्दल माझं मत विचारलेलं नाही, म्हणून देत नाही.

प्रश्न : आजी म्हणते, गव्हाच्या दाण्याएवढा पानाचा चुना पाण्यात कालवून कासवाला द्यावा आणि पाठीला खोबरेल तेल चोळावं. द्यावा का?
— इयत्ता आठवीतला वाचक, रत्नागिरी

उत्तर : चुन्यात कॅल्शियम असतं हे आजींचं बरोबर आहे, पण ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दाहक. एवढ्याशा जिभेला आणि घशाला ते भाजतं. तेलाने कवच चकचकीत दिसतं, त्याला धूळ चिकटते, बाकी काही होत नाही. मऊ टूथब्रश आणि साधं पाणी पुरे.

तुझ्या गावात मात्र एक उत्तम गोष्ट मिळते. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर फिरताना पांढरं, होडीच्या आकाराचं, हलकं समुद्रफेन सापडतं का बघ. ते माकळीच्या जातीच्या प्राण्याच्या अंगातलं कवच, जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. नाही सापडलं तर काष्ठौषधींच्या दुकानात मागायचं. दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजत घाल, म्हणजे खारटपणा जाईल, मग कडक उन्हात वाळव. मागची टणक पाठ सोलून काढ आणि मऊ बाजू वर करून कासवाच्या घरात ठेवून दे. लागेल तेव्हा ते स्वतः कुरतडतं, त्याने चोचही झिजते. आठवडाभर ढुंकून बघितलं नाही तरी काढून टाकू नकोस.