"माझ्यामुळे बाळाच्या हृदयाला भोक पडलं का?"

खुर्चीत बसायच्या आधीच तिने हे विचारलं. पहिलटकरीण, तिसावा आठवडा. सोबत सासूबाई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली, ती १६८ भरली, १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. मग बाळाच्या हृदयाची इको झाली आणि रिपोर्टमध्ये आलं, "मधला पडदा किंचित जाड". तिने रात्रभर मोबाईलवर वाचलं आणि 'जाड'चं 'भोक' करून घेतलं.

मी आधी तिची जुनी फाईल चाळली. दुसऱ्या महिन्यातली साखर नॉर्मल होती. मला तेच बघायचं होतं. बाळाच्या हृदयाचे कप्पे आणि पडदे पहिल्या दोन महिन्यांत घडतात. जन्मजात दोषांचा धोका प्रामुख्याने वाढतो तो त्या दिवसांत साखर चढलेली असेल तर, म्हणजे मधुमेह आधीपासूनच असेल तेव्हा. तिची साखर वाढली तेव्हा हृदय घडून झालं होतं. इकोतही भोक नव्हतं.

"मग जाड कशाने झालं?"

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं. त्याने चरबी चढते, खांदे भरतात, कधी हृदयाचा मधला पडदाही जाडावतो. जाड स्नायू थोडा ताठ असतो, दोन ठोक्यांच्या मधे पटकन सैल पडत नाही. बहुतेक बाळांना याचा त्रास जाणवत नाही आणि जन्मानंतर काही महिन्यांत पडदा आपोआप पूर्ववत होतो. मोजक्या बाळांना त्रास होतो, म्हणून इको पुन्हा करायची. हेही मी तिला सांगितलं. खोटा धीर दिला की पुढच्या वेळी माणूस विश्वास ठेवत नाही.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. "मीच दोन जिवांचं खा म्हणून रोज डिंकाचा लाडू दिला," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला दोघींचंही वाईट वाटलं. लाडवाने हा आजार होत नाही, वारेतल्या हार्मोनांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून होतो, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. लाडू मात्र बंद केला. उपासाची साबुदाणा खिचडीही. भाकरी, उसळ, ताक, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं.

एवढ्याने उपाशीपोटीची साखर ९५च्या खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. "बाळाला सवय लागेल का?" लागत नाही, वर सांगितलं तसं, ते वारेपलीकडे जात नाही.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, ३.३ किलोची. तासाभरात अंगावर पाजलं, टाचेतून रक्त घेऊन साखर पाहिली, कारण नाळ कापली की आईकडची साखर थांबते आणि बाळाची एकदम उतरू शकते. तिसऱ्या महिन्यातल्या इकोत पडदा नॉर्मल होता.

तो रिपोर्ट दाखवायला ती आली तेव्हा मी तिच्या स्वतःच्या साखरेचं विचारलं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची तपासणी राहूनच गेली होती. "आता काय, बाळ तर बरं आहे ना," ती म्हणाली. सासूबाईंनी नात मांडीवर घेतली आणि तिला म्हणाल्या, "जा, आत्ताच रक्त देऊन ये. मी बसते हिला घेऊन."