मॅकियाव्हेलीच्या 'विर्तू'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीच्या 'प्रिन्स' या राज्यकारभारावरच्या पुस्तकात 'विर्तू' हा इटालियन शब्द वारंवार येतो. त्याला 'सद्गुण' म्हणावं का? प्रसंगी दिलेला शब्द मोडायला सांगणारा माणूस सद्गुणांचे गोडवे कसे गाईल?

'सद्गुण' अजिबात नको. तो आपण इंग्रजी 'व्हर्च्यू'वरून उचलतो आणि तिथेच घोटाळा होतो. 1513 साली लिहिलेल्या या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात तरबेज तिरंदाज येतात. लक्ष्य लांब असलं की ते नेम बराच वर धरतात, कारण आपल्या धनुष्याची 'विर्तू' कुठवर पोचते हे त्यांना ठाऊक असतं. धनुष्याला कसला आलाय सद्गुण!

मुळात लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष. आपला 'वीर' त्याच कुळातला. म्हणून 'पौरुष' सुचतो. मॅकियाव्हेली विर्तूसमोर 'फोर्तुना', म्हणजे दैव, उभी करतो, तेव्हा दैव-पौरुष ही जोडीही आयतीच मिळते. पण आजच्या मराठीत 'पौरुष' मर्दानगीकडे फार झुकलंय. मी 'कर्तृत्व' घेईन. पंचविसाव्या प्रकरणात तो म्हणतो की आपल्या कृत्यांपैकी साधारण निम्मी दैवाच्या हाती असतात. नदीला पूर येतो, पण पाणी शांत असताना बांध घालून ठेवता येतात.

खरी कसोटी आठव्या प्रकरणात. सिसिलीतल्या प्राचीन सिराक्यूज शहराचा अगाथोक्लीस, कुंभाराचा मुलगा, एका सकाळी सिनेट आणि लोकांना बोलावतो आणि सैनिकांकरवी सिनेटर व धनिकांची कत्तल करवतो. मॅकियाव्हेली लिहितो की आपल्याच नागरिकांना मारणं, मित्रांना दगा देणं याला विर्तू म्हणता येत नाही. यातून सत्ता मिळते, कीर्ती नाही. इथे 'सद्गुण' घातला तर वाक्य पोकळ होतं. खून हा सद्गुण नव्हे, हे सांगायला मॅकियाव्हेली कशाला हवा? 'याला कर्तृत्व म्हणता येत नाही' म्हटलं की धार येते. 'साध्य चांगलं तर कुठलंही साधन चालतं' हे वाक्य त्याच्या नावावर खपवलं जातं. ते या पुस्तकात नाही, आणि हा परिच्छेद तर त्याला चक्क आडवा जातो.

गंमत म्हणजे लगेच पुढे, संकटात शिरून बाहेर पडण्याची अगाथोक्लीसची विर्तू तो मान्यही करतो. अनेकांना हा गोंधळ वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो : माणसाची धडाडी कबूल, पण थोरांच्या पंगतीला बसवणार नाही. मराठीत इथेही 'कर्तृत्व' टिकतं.

धनुष्याच्या वाक्यात मात्र सरळ 'ताकद' लिहावं.