मागावर बसणे आणि मागावर असणे

अंबाजोगाईहून एका लेखिकेचा प्रश्न आला आहे. पैठणच्या विणकर आळीत घडणारी रहस्यकादंबरी त्या लिहीत आहेत. इंग्रजीत ज्याला कोझी मिस्टरी म्हणतात तशी : गाव लहान, सगळे ओळखीचे, रक्तपात पडद्याआड, शोध घेणारी बाई पोलिसातली नाही. कादंबरीचे नाव 'मागावर' ठेवायचे आहे. त्यांची विचारणा अशी : विणकराचा माग आणि चोराचा माग हा एकच शब्द आहे का? आणि 'क्लू'साठी माग, सुगावा, धागेदोरे यांतले काय कुठे वापरावे?

नाव बिनधास्त ठेवा. दिसायला एक असले तरी हे दोन शब्द आहेत, म्हणून श्लेष अस्सल आहे.

चोराचा माग संस्कृत 'मार्ग'चा. प्राकृतात मग्ग, मराठीत माग. मागे, मागोमाग, मागोवा ही त्याच घरातली मंडळी. विणकराच्या मागाचे गोत मात्र दक्षिणेकडे दिसते. कानडीत हातमागाला 'मग्ग' म्हणतात, तेलुगूत 'मग्गम'. नांदेडकडे ब्लाउजवरच्या 'मग्गम वर्क'चे नाव कानावर येते, ते हेच मग्गम : कापड चौकटीवर ताणून बसवायचे आणि त्यावर जर-मणी भरायचे. धाराशिव, लातूर, नांदेड हे जिल्हे कानडी-तेलुगू मुलखाला लागून आहेत, त्यामुळे हे नाते मराठवाड्याच्या वाचकाला दूरचे वाटायचे कारण नाही.

पावलांच्या मागाला आपल्याकडे जुना व्यवहारी अर्थ आहे. दख्खनच्या गावगाड्यात चोरी झाली की राखणदाराने पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचे. माग पुढच्या गावच्या हद्दीत शिरला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली, की याची जबाबदारी संपली, त्याची सुरू झाली. पेशव्यांच्या मुलखाबद्दलच्या १८१९ च्या अहवालात इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ही रीत नोंदवली आहे. लहान गावातल्या रहस्यकथेला याहून चांगला पाया नाही, कारण इथे माग हे कुणा एकट्या हुशार माणसाचे डोके नसून गावाची जोखीम आहे.

आता व्याकरण. दोन्ही माग पुल्लिंगी, सामान्यरूप 'मागा'. म्हणून मागाचा, मागाला, मागावर. 'मागवर' चूक. खरा घोटाळा 'मागचा' आणि 'मागाचा' यांत होतो. 'मागचा धागा' म्हणजे पाठीमागचा किंवा आधीचा. 'मागाचा धागा' म्हणजे मागावरचा. मुद्रितशोधक एक काना खाली-वर करेल आणि तुमचा पुरावा दुसऱ्याच जागी जाऊन बसेल, तेव्हा ही जागा स्वतः तपासा. श्लेष तोलून धरणारे क्रियापदही नीट निवडा. विणकर मागावर बसतो, साडी मागावर असते. पोलीस मागावर असतात, मागावर बसत नाहीत. 'ती चार दिवस मागावर होती' हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येते. 'ती मागावर बसली' म्हटले की एकच अर्थ उरतो. आणि 'मागमूस' नकारातच शोभतो : मागमूस लागला नाही, मागमूसही उरला नाही. 'मागमूस सापडला' असे कुणी बोलत नाही.

सुगावा ही वस्तू नव्हे. तो लागतो. 'अक्काला सुगावा लागला' ठीक, 'अक्काने कपाटात सुगावा शोधला' कानाला खटकते. कपाटात सापडते ती खूण, पुरावा किंवा फार तर दुवा. धागेदोरे नेहमी अनेकवचनी. ते हाती लागतात, मिळतात, जुळतात. इंग्रजी 'क्लू' हा शब्दही मुळात सुताच्या गुंड्यासाठीचा. ग्रीक कथेतला थीसिअस असाच दोऱ्याचा गुंडा धरून भूलभुलैयातून बाहेर येतो. तुमच्या पात्रांच्या हातात मात्र दिवसभर खरेच धागे असणार, म्हणून 'धागेदोरे हाती लागले' हे पानोपानी आले तर त्याची धार जाईल. एकदाच वापरा, तेही जिथे हातात खरा रेशमी धागा आहे तिथे.

शेवटच्या प्रकरणासाठी : गुंता सोडवतात, गाठ उकलतात, घडी उलगडतात, शिवण उसवतात, छडा लावतात. रहस्याचा उलगडा होतो, गुंत्याचा होत नाही. गाठीही दोन प्रकारच्या आहेत. सुरगाठ एक टोक ओढले की सुटते. निरगाठ ओढली की आणखी घट्ट बसते. मागावर तुटलेली तार बारीक, घट्ट गाठीनेच जोडावी लागते आणि टोके कातरावी लागतात. गाठ जाड राहिली तर ती फणीतून सरकत नाही, अडकते, शेजारच्या ताराही तोडते. घाईत, परक्या हाताने मारलेली गाठ विणकराच्या नजरेतून सुटणार नाही. मोठ्या भिंगाची गरजच नाही.

मागाचे शब्द चुकले तर या कादंबरीचे कोडेच कोसळेल, म्हणून तेही थोडे सविस्तर. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. बाण्याचा धागा गुंडाळलेली कांडी धोट्यात बसते आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडे फिरतो. पायाखाली पावडी, समोर फणी. फणीच्या ठोक्याने बाणा दाबून बसतो. हा ठोका प्रत्येकाचा वेगळा. अर्ध्या पदरावर दुसरा कुणी येऊन बसला आणि त्याने दोन बोटे कापड विणले, तर तेवढा पट्टा दाट किंवा विरळ पडतो, उजेडात धरला की कळतो. पदरावरच्या मोराला, मुनिया पक्ष्याला धोटा लागत नाही. तिथे प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी, उभ्या तारा मोजून हाताने फिरवतात आणि रंग बदलतो तिथे दोन बाणे एकमेकांत अडकवतात. म्हणून हातमागाची पैठणी उलट-सुलट सारखी दिसते. पाठीमागे लोंबते धागे किंवा कातरलेली टोके दिसली तर साडी यंत्रमागाची असल्याचा संशय घ्यावा.

यातून एक मोठी चूक टाळता येते. 'कुणीतरी पदरातला एक मोर उसवून काढला' असा प्रसंग लिहू नका. पैठणीत मोराचा धागा हाच तिथला बाणा आहे. तो काढला तर मोर जाऊन कोरे कापड उरत नाही, नुसत्या उभ्या तारा उघड्या पडतात. असा प्रसंग हवाच असेल तर वस्तू बदला आणि छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल घ्या. हिमरूत नक्षीचा धागा जादा असतो आणि तो पाठीमागे मोकळा धावतो. तो कातरून ओढला तरी खालचे कापड शाबूत राहते. आणि 'उसवणे' मुळात शिवणीचे, टाक्यांचे क्रियापद; मागावरचे कापड उसवत नाही, विरते किंवा तुटते.

साक्षीदारांच्या विसंगत जबान्या हव्या असतील तर धूपछाव रंगाची साडी आहेच. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. समजा जांभळा आणि हिरवा. दारातल्या बाईला ती हिरवी दिसेल, आतल्या खोलीतून बघणारीला जांभळी. दोघीही खरे सांगत असतील, आणि वाचकाला शब्द आधीच सांगून ठेवला असेल तर त्याची फसवणूकही होणार नाही. हा शब्द पहिल्या दहा पानांत, लग्नाच्या खरेदीच्या बोलण्यात सहज टाका.

प्रकाराच्या नावाबद्दल थोडक्यात. 'ऊबदार रहस्यकथा' हे शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर आहे, मला ते मान्य नाही. 'घरगुती रहस्यकथा' जवळचे वाटते. अमेरिकेत १९८९ पासून भरणारे 'मॅलिस डोमेस्टिक' संमेलन याच कथांचे. शरीरसंबंधांची उघड वर्णने आणि अतिरेकी रक्तपात नको, ही तिथली अट. घरगुती म्हटले की हे दोन्ही न सांगता कळते. मुखपृष्ठावर 'कोझी' ठेवायचे असेल तर देवनागरीत ठेवा, वाचक ओळखतात.

संवादात मराठवाडी बोली येऊ द्या, निवेदन प्रमाण मराठीत ठेवा. 'काय करत आहेस?' असे आळीत कुणी विचारणार नाही. 'काय करायलीस गं?' 'कांड्या भरायले, अक्का.' एवढे पुरते. प्रत्येक वाक्यात 'लई' घालायची गरज नाही, क्रियापदाचे रूप बरोबर असले की मुलूख आपोआप ऐकू येतो.