कळवळ्यातून आलेले पाचारण आणि पुढील शिक्षणाची निवड

आदरणीय ताई,
सप्रेम सलाम.

सासूबाईंच्या कर्करोगाच्या अखेरच्या चार महिन्यांत आपली मुलगी रुग्णालयात त्यांच्या सोबतीला राहिली आणि त्यानंतर तिने वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दुसऱ्यांदा देण्यास नकार दिला, असे आपण लिहिले आहे. दुःखितांच्या सेवेसाठी देव आपल्याला बोलावत आहे, म्हणून लगेच बायबल कॉलेजला जायचे, असे तिचे म्हणणे आहे. तिच्या वडिलांना यात आजीच्या मृत्यूचा धक्का आणि परीक्षेची भीती दिसते, तर पाळकसाहेब पाचारण अडवू नये असे सांगतात. हे पाचारण आहे की भावनेचा भर, हे कसे ओळखावे, असा आपला प्रश्न आहे.

त्याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. तो तिचा, प्रार्थनेचा आणि तिला ओळखणाऱ्या चर्चच्या मंडळीचा आहे. मात्र या कळवळ्याला कोणत्या शिक्षणाची गरज आहे, एवढे मी सांगू शकतो. आपल्या पत्रात त्याचा पुरावाही आहे, जरी आपण तो ओघात लिहिला असला तरी. शेजारच्या खाटेवरील बाई रात्री वेदनेने ओरडत असताना कोणीच येत नव्हते, तेव्हा मुलीने आजीच्या आणि त्या बाईंच्या वेदनाशामक औषधांच्या वेळा एका वहीत लिहून ठेवण्यास सुरुवात केली आणि ती वही घेऊन ती परिचारिकांकडे जात असे, असे आपण लिहिता. हे दुःख केवळ आजीपुरते नाही, कारण ते अनोळखी बाईपर्यंत पोहोचले. शिवाय त्या घटकेला तिने हाती घेतली ती वही. ती प्रार्थनाही करत असेल, त्याविषयी मला शंका नाही. पण पुढच्या निवडीसाठी मला ती वही अधिक महत्त्वाची वाटते.

रुग्णाच्या वेदनेपाशी उभे राहिल्यावर एखाद्याला त्याच्याशी देवाविषयी बोलावेसे वाटते, दुसऱ्याला ती वेदना आधी थांबवावीशी वाटते आणि तिसऱ्याचे लक्ष उपचारांचे पैसे, घरी राहिलेली मुले आणि कागदपत्रे यांकडे जाते. पहिल्याची वाट ईशज्ञानाच्या शिक्षणाकडे, दुसऱ्याची परिचर्या किंवा वैद्यकाकडे आणि तिसऱ्याची समाजकार्याकडे जाते. तिन्ही वाटा ख्रिस्ती सेवेच्याच आहेत. आपल्याकडे मात्र ‘पाचारण’ म्हटले की पाळकपणाशिवाय दुसरे काही डोळ्यांसमोर येत नाही, याचे मला वाईट वाटते.

तिने ब्रिटनच्या सिसिली साँडर्स यांचे आयुष्य समजून घ्यावे. १९१८ मध्ये जन्मलेल्या साँडर्स आधी परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि दरम्यान १९४५ मध्ये त्यांना ख्रिस्ती विश्वासाचा वैयक्तिक अनुभव आला. १९४८ मध्ये लंडनमध्ये कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताशी त्यांचा स्नेह जडला आणि मृत्यूपूर्वी त्याने त्यांच्या भावी कार्यासाठी पाचशे पौंड ठेवले. अशा रुग्णांसाठी काम करायचे तर स्वतः डॉक्टर व्हा, कारण त्यांना डॉक्टरच सोडून देतात, असे एका शल्यविशारदाने सांगितल्यावर वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि १९५७ मध्ये ते पूर्ण केले. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता मॉर्फिन हे अफूपासूनचे वेदनाशामक ठरावीक अंतराने तोंडावाटे द्यावे, ही पद्धत त्यांनी बारकाईने नोंदी ठेवून रुजवली. तसेच मरणाऱ्या माणसाची वेदना शरीराबरोबर मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला मान्य करायला लावले. त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह, १९६७ मध्ये उघडले, म्हणजे तास्मा यांच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. पाचारण एका खाटेपाशी स्पष्ट झाले, पण ते पार पाडण्याची पात्रता मिळवण्यात अनेक वर्षे गेली आणि त्या वर्षांत पाचारण अडले, असे कोणी म्हणणार नाही. पाळकसाहेबांशी बोलताना एवढे जरूर मांडावे.

पंडिता रमाबाईंची वाटही याहून फार वेगळी नाही. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना इंग्लंडमधील धर्मभगिनी ज्या दयेने वागवत होत्या, ते पाहून त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण १८८९ मध्ये शारदा सदन सुरू करण्याआधी त्यांनी अमेरिकेत बालशिक्षणाच्या पद्धती शिकून घेतल्या.

आपल्या मुलीने पाहिलेल्या दुःखाला आपल्याकडे कारणेही आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर रुग्णांसाठीही मॉर्फिन मिळणे अवघड झाले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी मॉर्फिन योग्य रीतीने वापरणारे प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका सर्वत्र नाहीत. देशातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झाले आणि तेथील शुश्रूषा ख्रिस्ती धर्मभगिनी करत आल्या आहेत. केरळमध्ये परिचारिका आणि गावोगावचे स्वयंसेवक यांच्या बळावर घरोघरी वेदनाशमन सेवा पोहोचली. महाराष्ट्रात या क्षेत्रात माणसांची गरज मोठी आहे.

म्हणून माझा कौल बी.एस्सी. नर्सिंगकडे आहे. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि राज्याची त्यासाठी वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे. पुढे कर्करोग परिचर्येची एक वर्षाची पदविका घेता येते. डॉक्टरच व्हायचे असेल तर नीट टळत नाही. मात्र वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी मंडळ्यांच्या शिफारशीचीही वाट असते आणि तिच्याबरोबर शिक्षणानंतर मिशनच्या दवाखान्यात ठरावीक काळ सेवेचे बंधन येते. बायबल कॉलेज मी नाकारत नाही. परंतु ते पदवीनंतर करावे आणि ईशज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटशी संलग्न संस्थेत बी.डी. ही ईशज्ञानाची पदवी घ्यावी, कारण बारावीनंतर घेतलेल्या अनेक लहान प्रमाणपत्रांना मंडळीबाहेर फारसे मोल नसते.

परीक्षेच्या भीतीचा वडिलांचा मुद्दा मला अगदीच निराधार वाटत नाही. नीटला भरपूर गुण मिळाले असते तरी तू हेच निवडले असतेस का, हे तिला शांतपणे विचारावे. त्याच वेळी आपण दोघांनीही स्वतःला विचारावे, की आजीच्या आजारपणामुळे तिने एमबीबीएसचा हट्ट धरला असता, तर आपण त्याला धक्का म्हटले असते का?

प्रवेशापूर्वीचे काही महिने तिने एखाद्या हॉस्पिसमध्ये किंवा मिशनच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस नियमित काम करावे. तेथे अंथरुणे बदलणे, भरवणे, एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकणे असे कंटाळवाणे काम असेल आणि ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांच्यापैकी कोणी तिची आजी नसेल. तरीही ती पुढच्या आठवड्यात जात राहिली, तर तिच्या वडिलांशी बोलणे आपल्याला सोपे जाईल. पाळकसाहेबांनी तिला या काळात महिन्यातून एकदा भेटावे, अशी विनंती करावी. सीईटीचा अर्ज मात्र या चाचणीसाठी थांबवू नये. मुदत चुकली तर वर्ष वाया जाईल. पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे आणि शक्य असल्यास त्या वहीविषयीही लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक